नगारच्याचे डोळे

खालच्या कारखान्यातली शिलाई मशीनं एकदा थांबली, पुन्हा धावू लागली, पुन्हा थांबली. त्यांचा आवाज वर माळ्यापर्यंत येत होता.

अंजनी टेबलाच्या या बाजूला उभी होती, खांद्यावरची पर्स न उतरवता. त्या बाजूला अनीश, हात पाठीमागे घेऊन, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा. आणि दोघांच्या मध्ये, जीन्स बेतायच्या जुन्या टेबलावर, खेळातल्या, अंगठ्याएवढ्या शिपायांची एक अख्खी मराठा फौज पांढरी पडली होती. पगड्यांचा डाळिंबी, घोंगड्यांचा काजळी, ढालींच्या कडांचा पिवळा – सगळ्यांवर दुधावर साय धरावी तसा धुरकट पडदा धरला होता. ज्या डोळ्यांसाठी तिने श्वास रोखून कितीतरी शनिवार घालवले होते, ते डोळे आता मोतीबिंदू झाल्यासारखे कुठेच पाहत नव्हते.

तिने खिडकीशी जाऊन तिथे टांगलेली डेनिमची चिंधी चाचपली. बाहेर आषाढ संथपणे, कोणाचीही घाई नसल्यासारखा, पत्र्यांवरून ओघळत होता.

"ही पिळली तर बादली भरेल," ती म्हणाली.

"हां... थोडी ओली आहे."

"थोडी?"

"चुकलं, यार. वॉर्निश तेवढं राहिलं होतं. म्हटलं, उरकून टाकू."

चिंधीची युक्ती त्याचीच होती. पहिल्याच दिवशी त्याने तिला बजावलं होतं: चिंधी ओलसर लागली, की स्प्रेच्या डब्याला हात लावायचा नाही, हवेतलं पाणी वॉर्निशमध्ये अडकतं आणि रंगावर धुकं बसतं. कापड किती पाणी पितं, हे या सिंधी जीन्सवाल्याच्या मुलाला बोलता येण्याआधी कळलं असावं. त्याच्या हातून ही चूक म्हणजे... अंजनीला राग आला होता, आणि तो रास्तही होता. पण त्या रागाच्या तळाशी काहीतरी हलकं, जवळजवळ आनंदी, असं हललं. फौज आज पुरी होणार नव्हती. म्हणजे आजचा शनिवार शेवटचा नव्हता.

पुढच्या आठवड्यापासून मोरिवलीत तिच्या बाबांच्या, म्हणजे कोंडाजींच्या, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम सुरू होणार होतं. मग तिला मान वर करायला फुरसत मिळणार नव्हती. आणि त्यानंतर? फौज पोचती झाल्यावर, मोरिवलीच्या मुलीने शेअर रिक्षात दाटीवाटीने बसून कॅम्प तीनच्या सिंधी वस्तीतल्या एका माळ्यावर यायला कारण काय सांगायचं? घरी, त्याला... आणि मुख्य म्हणजे स्वतःला?

या माळ्याची वाट तिला एका ब्रशने दाखवली होती. गेल्या श्रावणात कॅम्प तीनच्या बाजारात, रंगांच्या दुकानात, सर्वांत बारीक नंबराचा ब्रश एकच उरला होता, आणि त्याच्यावर एकाच वेळी दोन हात पडले होते.

"मॅडम, हा मी आधी मागितला होता."

"मागितला असेल. धरलाय मी."

"कशाला हवाय एवढा बारीक?"

"डोळे आखायला. गणपतीचे."

"मग माझी केस जास्त सीरियस आहे," असं म्हणून त्याने शर्टाच्या खिशातून एक रोमन शिपाई काढून काउंटरवर उभा केला होता. "मलाही डोळेच करायचेत. मोहरीएवढे."

अंजनीने वाकून पाहिलं. "हा तर घाबरलेला दिसतोय."

"माझ्या हातून सगळे घाबरलेलेच होतात."

"मग लढणार कसे?"

"तेच तर. तुम्ही याला धीर द्या ना."

दुकानदाराने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "साईं, ब्रश एक आहे. भांडण बाहेर करा, म्हणजे दुकानात दुसरं गिऱ्हाईक येईल."

ब्रश तिनेच नेला. पण गणपती गेले, दसरा झाला, आणि एका शनिवारी वेळूच्या नळीत घातलेला तोच ब्रश पर्समध्ये ठेवून, त्याने त्या दिवशी सांगितलेला हा जिना ती चढली. बदलापूरचे दौलतराव, इतिहासाचे निवृत्त मास्तर, यांनी एका कल्पित घाटातल्या लढाईसाठी ही मराठा फौज रंगवायला दिली होती. टेबलावर डोंगर मांडून, फासे टाकून, चार-पाच म्हातारे आणि तितकेच कॉलेजकुमार रविवारी लढत. अनीशने अंगं रंगवायची, अंजनीने चेहरे, असं ठरलं.

ठरलं, पण पटलं नव्हतं. अनीशचं शास्त्र सांगे, डोळे आधी. चुकले तर चेहरा पुन्हा रंगवता येतो. अंजनीच्या घरची रीत सांगे, डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी.

"आधी डोळे केले," तिने तेव्हा विचारलं होतं, "तर हे बिचारे कपड्यांविना तुझ्याकडे बघत बसणार ना?"

त्यावर तो इतका हसला, की खालून करण कारागीर विचारायला आला होता, "अनीशभाय, सब ठीक है ना?"

घरची रीत आणखीही काही सांगत होती. डोळे आखून झाले, की मूर्ती कारखान्यात ठेवायची नाही. तिला दृष्टी आली म्हणजे ती घर मागते. आणि आखणीचा ब्रश परक्या छपराखाली रात्री राहू द्यायचा नाही. दर शनिवारी संध्याकाळी अंजनी ब्रश धुई, ओठांनी टोक जुळवी, नळीत घाली. अनीश ते पाही – जणू कोणीतरी दर वेळी निरोपाचं एकच कडवं म्हणतंय आणि त्याला अजून त्याची चाल सापडत नाही.

टेबलावर फोन थरथरला. अनीशने स्पीकर सुरू केला.

"काय रे, माझी फौज कुठवर आली?" दौलतरावांचा वर्गातला आवाज.

"काका, घाटात अडकलीय. धुकं पडलंय."

"धुकं? मग थांबू देत. धुक्यात उतरवली की घोडी घसरतात. अंजनी आहे का तिथे?"

"आहे."

"मग सावकाश येऊ दे," म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि त्या शेवटच्या वाक्यात हसू होतं की काय, हे ठरवायच्या आत तो बंदही झाला.

अंजनीने पर्स खुंटीला अडकवली. "आता? खरवडून पुन्हा रंगवायचं का?"

"नको नको. ऑलिव्हचं तेल लावलं तर जातं... म्हणे."

"म्हणे?"

"ऐकलंय असं." त्याने खणातून बाटली काढली. बाटलीचं सील आधीच फोडलेलं होतं. अंजनीने ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

दिव्याखाली दोघं समोरासमोर बसले. तेलात जेमतेम बुडवलेला ब्रश तिने पहिल्या मावळ्याच्या पगडीवरून फिरवला, आणि धुकं विरलं. आधी डाळिंबी परतला, मग भुवई, मग एक डोळा – सरळ, शांत, तिच्याकडे पाहणारा. झोपेतून जागं झालेलं माणूस पहिल्यांदा ज्याला ओळखतं, त्याच्याकडे पाहावं तसा.

"जमलं," अनीश पुटपुटला.

"तुला आश्चर्य नाही वाटलं."

"वाटलं ना."

"तोंडावर दिसलं नाही."

"माझं तोंड तू कुठे बघतेस? तुझं सगळं लक्ष यांच्याकडे."

"हे निदान खोटं बोलत नाहीत."

त्याने पुढचा शिपाई तिच्याकडे सरकवला. पाऊस पत्र्यावर बोटं वाजवत राहिला. खालून इस्त्रीची वाफ आणि कोऱ्या डेनिमचा निळसर वास वर येत होता. एकेक शिपाई या बाजूने त्या बाजूला जाई. ती धुकं पुसे, तो कपड्याच्या टोकाने जास्तीचं तेल टिपे. मध्येच एक भालेवाला तेलाने निसटला, दोघांनी एकदमच झेलला, आणि तो इवला वीर दोन तळहातांच्या मध्ये क्षणभर... क्षणापेक्षा थोडं जास्तच अडकून राहिला.

"सोड," ती म्हणाली.

"तू सोड. मी सोडला तर पडेल."

"मी सोडला तरी पडेल."

"मग राहू दे."

तिने सोडला. पण कानांपर्यंत चढलेली ऊब लपवायला तिला काहीतरी काम हवं होतं. ती उठून फडताळाकडे गेली. "कोरं फडकं आहे का इथे?"

फडताळात अनीशच्या सगळ्या अपुऱ्या दुनिया नांदत होत्या. गुडघ्यापर्यंतच रंगलेले रोमन. पंख बसायचे राहिलेला ड्रॅगन. आणि मागच्या रांगेत, परीकथेतल्या लढाईसाठी आणलेले, सुईसारख्या कानांचे हिरवे बुटके. फडकं ओढताना त्यांतला एक आडवा झाला. अंजनीने त्याला उचललं – आणि तशीच उभी राहिली.

बुटक्याचं डावं अंग पांढरं धुरकट होतं. उजवं, डोक्यापासून पायापर्यंत, हिरवंगार आणि स्वच्छ. तेल केव्हाच मुरलं होतं; वर धूळही बसली होती.

ती परत आली आणि तो बुटका तिने फौजेच्या पुढे, सेनापतीच्या जागी, ठेवला.

"हा कधीचा?"

अनीशने दिव्याची मान उगाच सरळ केली.

"अनीश, औषध आधी करून बघितलंस. आजार नंतर आणलास."

"तसं नाही..."

"मग कसं? माझ्या कामावर धुकं मारताना काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. म्हणून तर आधी याच्यावर करून बघितलं. तुझा एकही डोळा बिघडला असता, तर मी..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग नेहमीची थट्टा बाजूला ठेवून, एकेक शब्द तपासून घ्यावा तसा बोलला. "वॉर्निश झालं असतं, तर आज संपलं असतं. तू ब्रश धुतला असतास. नळीत घातला असतास. मला दुसरं काही सुचलं नाही, अंजनी. नवीन काम द्या म्हटलं, तर काका म्हणाले, आधी हे दे."

"सरळ विचारायचं होतंस."

"काय विचारायचं? तुझ्या घरी बाबा काय म्हणतील, माझी मम्मी काय म्हणेल, हे सगळं मला कळतं गं. ते मी बघेन. पण तुझं मला कळत नव्हतं." तो थांबला. मग टेबलाच्या कडेला, वॉर्निश न मारता ठेवलेला एक शिपाई उचलून त्याने तिच्यासमोर ठेवला. "आणि थोडंसं कळतही होतं."

तो नगारची होता. पाठीशी बैल, दोन्ही बाजूंना नगारे, हातात उगारलेल्या टिपऱ्या. अंगरखा, मुंडासं, मिशी, सगळं रंगून कधीच पुरं झालेलं. फक्त डोळ्यांच्या जागी दोन कोरे ठिपके.

"होळीपासून असाच आहे," अनीश म्हणाला. "याच्यानंतरचे सगळे झाले, आज या दोन ठिपक्यांचं काम तेवढं उरलं होतं. दर वेळी तू याला उचलतेस, बघतेस, आणि परत ठेवतेस. मी मुद्दाम पुढे सरकवतो, तू मागे सरकवतेस. डोळे आखले की घरी पाठवावं लागतं, असं तूच म्हणाली होतीस ना?"

अंजनी नगारच्याकडे पाहत राहिली. एवढे दिवस तिला वाटत होतं, की या माळ्यावर आपण एकट्याच काहीतरी लांबवत आहोत.

"दौलतरावांना काय सांगशील?" तिने विचारलं. "नगाऱ्याशिवाय लढाई सुरू कशी होणार?"

"सांगेन, नगारची सुट्टीवर आहे. बाकीची फौज उद्या जाईल. हा राहील." त्याचा आवाज थोडा खाली आला. "पुढच्या शनिवारी येशील? कारखाना सुरू झाला तरी? याच्यासाठी नाही... माझ्यासाठी."

शेवटचा मावळा धुक्यातून बाहेर आला होता. पाऊस अजून पडत होता, पण आता त्याचा आवाज लांबच्या गल्लीतून आल्यासारखा वाटत होता. अंजनी उठली. तिने पाण्यात ब्रश धुतला, ओठांनी टोक जुळवलं, आणि क्षणभर तो उजेडासमोर धरला. मग खुंटीवरून पर्स घेतली, वेळूची रिकामी नळी तशीच आत टाकली, आणि ब्रश, रात्रभर इथेच राहायला, नगारच्याच्या पायाशी हळूच आडवा ठेवला.

"अंजनी, मी काहीतरी विचारलंय."

तिने मागे वळून पाहिलं नाही. ओल्या जिन्यावरून, मशीनांच्या धावत्या आवाजातून, ती खाली उतरून गेली.