बोगद्यातली हाक

मोबाइल पालथे घाला. सगळ्यांनी. तुझापण. भुताची गोष्ट ऐकायची आणि मधूनमधून तो निळा उजेड तोंडावर मारून घ्यायचा, असली थेरं माझ्यासमोर नकोत.

ही तुमच्या मामाची गोष्ट आहे, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची. त्याला जाऊन विचारू नका, तो नाही म्हणेल. समोर कोण उभं आहे ते बघून हो किंवा नाही म्हणायचं, एवढ्यावरच त्याचा सगळा जन्म गेलाय.

मार्च महिना होता. दुसरा शनिवार. रात्री साडेनऊला जेवून उठला, हात पुसले आणि मला म्हणाला, "ताई, जरा मशीन चालू करून येतो." जसं काही कोपऱ्यावरून दूध आणायला निघालाय.

मामा तेव्हा इस्पितळात एमआरआय काढायचा. दिवसभर आजारी माणसं. रात्री मशीन मोकळं झालं की तिथल्या मोठ्या डॉक्टरचा अभ्यास. त्या डॉक्टरला मी टायवाला म्हणते. उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला टाय, आणि मान अशी ताठ की टायमुळेच ती धडावर राहिली असावी.

अभ्यास कसला, तर मेंदूतल्या जोडण्यांचा.

"मावशी, फंक्शनल कनेक्टिव्हिटी म्हणतात त्याला."

म्हणत असतील. तू म्हण. मी सांगते ते ऐक. माणसाला मशीनच्या बोगद्यात निजवायचं. कानात बोळे, डोक्यावर पिंजरा. डोळे मिटायचे आणि काहीच करायचं नाही. तरी मेंदू गप्प बसत नाही. त्यातली एक जागा जागी झाली की दुसरी कुठली तरी तिच्याबरोबर जागी होते. एक निजली की दुसरी निजते. जी दोघं बरोबर उठतात-बसतात, त्यांची जोडणी आहे असं धरायचं. अशा सगळ्या जोडण्यांचं चित्र निघतं, आणि ते म्हणे प्रत्येकाचं निराळं. अंगठ्याच्या ठशासारखं.

टायवाल्याला सिद्ध करायचं होतं, की उभा जन्म एकत्र काढलेल्या नवराबायकोंची चित्रं एकमेकांसारखी होत जातात. आता हे कळायला दोन कोटींचं मशीन कशाला हवं? कुठल्याही म्हाताऱ्या जोडप्यासमोर पाच मिनिटं बसावं. पण नाही. जोडपी गोळा केली. त्यात एक शिंपीकाका होते आणि त्यांची बायको. मामा त्यांना काका-काकू म्हणायचा. साधी माणसं. डॉक्टर बोलावतोय म्हणजे आपल्या भल्यासाठीच असेल, असं समजणारी.

काकूंचा स्कॅन आधीच्या सप्टेंबरात झाला. बाईंना बंद जागेची भीती. आत गेल्या आणि घाबरल्या. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेर घंटा वाजते. काकूंनी तो दाबला. पुन्हा दाबला. माईकवरून हाका मारायला लागल्या, "अहो... अहो, मला बाहेर काढा..."

मामाचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला. टायवाला म्हणाला, "राहू दे. सगळ्या घाबरतात. आता तोडलंस तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." आणि त्यानं आवाजाचं बटण फिरवून शून्यावर आणलं. काचेपलीकडे बाई हाका मारतायत, आणि हा इकडे चहा पितोय.

आणि तुमचा मामा? त्यानं हात मागे घेतला. शेळपट!

बाहेर काढलं तेव्हा काकूंचा चेहरा भिजून गेला होता. नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "मी हाक मारली. तुम्ही आला नाहीत." काका बिचारे दोन दारांपलीकडे बाकावर बसले होते. त्यांना काय ऐकू येणार? पण वाक्य ते वाक्य. पुढे निर्लज्जासारखं टायवाल्यानं त्या स्कॅनमधून काकूंच्या घाबरण्याची मिनिटं कचरा म्हणून कापून काढली आणि उरलेलं चित्र ठेवून घेतलं. त्यांच्या कामात असंच असतं. जे जुळत नाही त्याला कचरा म्हणायचं.

जानेवारीत काकू गेल्या. झोपेतच. मशीनमुळे नाही गेल्या, उगाच कुणावर खोटा आळ घेणार नाही मी. पण काका मागे राहिले आणि ते वाक्य त्यांच्यापाशी राहिलं. अन्न गोड लागेना, झोप येईना. तुम्ही आला नाहीत. तुम्ही आला नाहीत. माणूस वाळून काडी झाला.

आणि टायवाल्याला काय सुचलं? तो खूश झाला! जोडीतलं एक गेल्यावर उरलेल्याच्या जोडण्यांचं काय होतं, ते बघायला आयता माणूस मिळाला. त्यानं काकांना फोन लावला. मामाला वाटलं काका शिव्या देतील. काका लगेच हो म्हणाले. मामाला म्हणाले, "तिनं जिथून हाक मारली, तिथं मला एकदा जायचंय. तिथून ओ देईन."

त्यासाठी होता तो शनिवार.

मामानं काकांना टेबलावर निजवलं. कानात बोळे घातले. हातात फुगा द्यायला गेला तर काका नको म्हणाले. "मला कुणाला बोलवायचं नाही." मामानं फुगा भिंतीवरच्या खुंटीला अडकवला आणि बाहेर येऊन काचेमागे बसला. शेजारी टायवाला.

स्कॅन सुरू झाला. ठकठक. ठकठक. चार-पाच मिनिटं काही नाही.

मग घंटा वाजली.

"दाबला म्हाताऱ्यानं," टायवाला म्हणाला.

"साहेब, फुगा खुंटीवर आहे."

दोघांनी काचेतून बघितलं. फुगा खुंटीवर होता. हलतसुद्धा नव्हता. घंटा वाजत होती. थांबली. पुन्हा वाजली... जसं कुणी दाबतंय. सोडतंय. दाबतंय.

"वायर खराब असेल," टायवाला म्हणाला आणि सवयीनं त्याचा हात आवाजाच्या बटणावर गेला. शून्यावर नेलं.

आवाज गेला नाही.

माईकमधून काका बोलले. अगदी हळू.

"आलो गं."

मग शांत...

"हं."

पुन्हा शांत... पलीकडचं माणूस बोलतंय आणि आपण ऐकतोय, तसं.

"हं... बरं... बरं."

 टायवाल्यानं बटणावरचा हात मागे घेतला. 

स्कॅन संपला. मामा धावत आत गेला, टेबल बाहेर ओढलं. त्याला वाटलं, काका गेले. काका उठून बसले. कानातले बोळे स्वतः काढले, मामाच्या हातात दिले. चेहरा कसा, तर गाढ झोपून उठलेल्या मुलासारखा. मामानं विचारलं, "काका... काय झालं?"

"भेटली. म्हणाली, तुम्ही दोन दारांबाहेर होता, तुम्हाला कसं ऐकू जाणार? उगाच काय झुरत बसलात. तुम्हाला मारली ती एकच हाक. बाकीच्या सगळ्या, ज्याला ऐकू जात होतं त्याला मारल्या."

शर्ट घातला. चपला घातल्या. काचेच्या खोलीच्या दारात क्षणभर थांबून टायवाल्याला म्हणाले, "साहेब, तुमची चौकशी करत होती." आणि निघून गेले. काका आजही आहेत. दोन वेळा पोटभर जेवतात, रात्री घोरतात. त्यांची गोष्ट तिथं संपली.

टायवाल्याची तिथून सुरू झाली.

कॉम्प्युटरवर काकांचं चित्र तयार झालं. कॉम्प्युटरनं ते जुन्या चित्रांशी ताडून बघितलं आणि खाली सांगितलं कुणाचं आहे ते. काकूंचं! जानेवारीत गेलेल्या बाईचं चित्र, मार्चमध्ये.

टायवाला मामावर ओरडला, "जुनी फाइल उघडलीस. गाढवा, एक काम धड येत नाही." मामानं आजची तारीख दाखवली. मग म्हणे मशीन बिघडलं. म्हणे, "माझं जुनं चित्र आहे ना? मला निजव. आत्ताच्या आत्ता कळेल."

टाय सोडला, घड्याळ काढलं, झोपला. आणि ऐका, आयुष्यभर दुसऱ्यांना "आत घाबरण्यासारखं काही नसतं" असं सांगणाऱ्या त्या माणसानं फुगा कसा धरला होता? दोन्ही हातांनी.

मामा काचेमागे एकटा. ठकठक. ठकठक.

तिसऱ्या मिनिटाला आतून आवाज आला, "माईक बंद कर."

"साहेब, मी बोललो नाही."

"बंद कर म्हणतो ना."

मामानं माईक बंद केला.

"अरे बंद कर..."

बंदच होता.

मग काही नाही. ठकठकसुद्धा लांबून यावी तशी. मामा सांगतो, ताई, मी काचेतून बघत होतो, आत दुसरं कुणी नव्हतं. तरी मला नजर काढून घ्यावीशी वाटली... एखाद्याच्या खाजगी बोलण्यात आपण उभे आहोत असं वाटलं.

घंटा वाजली. वाजतच राहिली.

या वेळी मामानं लगेच मशीन थांबवलं. माझा भाऊ शेळपट असेल, हलकट नाही.

टेबल ओढलं. टायवाल्याचा रंग उतरला होता. बोटं फुग्यात रुतली होती, ती एकेक करून सोडवावी लागली. आणि पहिलं वाक्य काय, तर, "थांबवलंस कशाला? मी दाबलाच नाही."

"आतमध्ये काही ऐकू आलं का, साहेब?"

"काहीच नाही."

चित्र आलं. त्याचंच होतं. त्याच्या जुन्या चित्राशी तंतोतंत जुळत होतं, म्हणजे मशीन ठणठणीत होतं. एवढंच, की ऐकायच्या ज्या दोन जागा असतात, डाव्या-उजव्या कानामागच्या, त्या दोन्ही एकदम जाग्या होत होत्या. मग निजत होत्या. मग पुन्हा जाग्या. मशीनची ठकठक एकसारखी असते, तिनं असं होत नाही. हे निराळं होतं. हाक मारावी, वाट बघावी, पुन्हा मारावी, तसं.

टायवाला बघत राहिला. मग म्हणाला, "कचरा आहे. पुसून टाक." मामानं पुसलं.

"मावशी, मग झालं की. गेलं ते."

कुठलं जातंय! दोन महिन्यांनी त्यानं दुसऱ्या शहरात जाऊन, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर, भर दुपारी स्वतःचा स्कॅन करून घेतला. तेच. कानाच्या डॉक्टरकडे गेला. कान उत्तम. मग आणखी तीन-चार शहरांत. तेच. काही ऐकू येतं का विचारलं की म्हणतो, काही नाही, एवढंसुद्धा नाही. त्याची बायको सांगते, जेवताना घास हातात धरून थांबतो, आणि मान वळवतो.

मागच्या आठवड्यात तो इथं आला होता. तुम्ही बसलात तिथंच बसला. त्या रात्रीनंतर काढलेली सगळी चित्रं पिशवीतून काढून त्यानं मामासमोर ओळीनं मांडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि म्हणाला, "तू बघ. मला वाटतंय ते तुलाही दिसतंय का सांग."

मामाला दिसलं. मी चष्मा लावला, मलासुद्धा दिसलं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

दर चित्रात, दोन हाकांमधलं थांबणं कमी होत चाललंय.