वाघुळखेडे, उदाहरणार्थ

जे अस्तित्वात आहे ते शोधल्यावर सापडतेच, या तत्त्वावर त्या काळची सगळी संस्कृती उभी होती. वाघुळखेड्याला मात्र पंधरवडा झाला टँकर आला नव्हता, एसटी फाट्यावरूनच वळत होती आणि ताराबाई चौधरींच्या घरच्या घरी करायच्या डायलिसिसच्या पिशव्या संपत आल्या होत्या.

तोवर माणसांनी स्वतः काही मागवायचे सोडून दिले होते. ते काम कारभारी करीत. हे कारभारी संगणकातले. न थकणारे, आपल्या वतीने एकमेकांशी बोलून व्यवहार उरकणारे. दवाखान्याचा कारभारी औषधे पाठवी, टँकरचा पाणी. पण कोणती जागा कुठे आहे, हे त्यांना उपजत ठाऊक नसे. त्यासाठी ‘ठावठिकाणा’ नावाचे एक साधन होते. नाव विचारा, पत्ता मिळेल. ते कसे वापरावे हे सांगणारी एक मार्गदर्शिकाही होती. तिची नवी आवृत्ती पंधरवड्यापूर्वीच निघाली होती आणि ती पुण्यात बसून शिरीष वाणींनी लिहिली होती. शिरीष हे ताराबाईंचे जावई.

ताराबाईंचे यजमान यादवनाना, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, फाट्यापर्यंत शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर आणि पुढे मिळेल त्या वाहनाने शिरीषच्या ऑफिसात दाखल झाले.

“जावईबापू, पिशव्या का येत नाहीत?”

शिरीषने पडद्यावर बोटे फिरवली. “दवाखान्याचा कारभारी म्हणतो, असं गावच नाही.”

“मग मी काय आभाळातून पडलो?”

“तसं नव्हे, नाना. त्याने ठावठिकाण्याला विचारलेलंच नाही. विचारायला वीज लागते, वेळ लागतो. म्हणून तो आधी मार्गदर्शिका बघतो. उत्तर तिथेच मिळालं तर पुढे जात नाही.”

“आणि तिथे काय लिहिलंय?”

शिरीष पाणी प्यायले. मग त्यांनी वाचून दाखवले: “‘न सापडणाऱ्या ठिकाणाचे उदाहरण: वाघुळखेडे. उत्तर: असे ठिकाण नाही.’”

नानांनी चष्मा काढून पुसला. “कोणी लिहिलं हे?”

“मी. गंमत म्हणून. दिवाळसणाला तुमच्याकडे रेंज नव्हती ना. ऑफिसात सगळे हसले होते.”

“हसले का? बरं झालं. आजवर आमच्या गावाला कोणी हसायलाही आलं नव्हतं.”

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. माणूस मार्गदर्शिका वाचत नाही. अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो. त्यामुळे वर्षानुवर्षे मार्गदर्शिकांत काहीही लिहिले तरी खपून गेले. कारभारी हा पहिला वाचक असा निघाला, की ज्याने प्रत्येक ओळ वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. उदाहरण नुसते समजावण्यापुरते असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मार्गदर्शिकेतही ते लिहायचे राहून गेले होते.

“खोडा ती ओळ,” नाना म्हणाले.

शिरीषने खोडली. पण मार्गदर्शिकेतला कोणताही बदल तपासनीस कारभाऱ्याच्या हाताखालून जाई. त्याने कारण विचारले. शिरीषने लिहिले, ‘वाघुळखेडे हे खरोखरचे गाव आहे.’ तपासनीसाने मार्गदर्शिका उघडून पडताळणी केली.

“काय म्हणतो?”

“नामंजूर. असं गाव नाही म्हणतो.”

“त्याच्यावर कोणी माणूस नाही का?”

“आहेत ना, साहेब आहेत. पण त्यांचा फोनही कारभारीच उचलतो. कुठल्या गावाबद्दल बोलायचंय, ते आधी विचारतो.”

नानांनी बोटांवर दिवस मोजले. “पिशव्या परवापर्यंत पुरतील,” ते म्हणाले.

“मी गाडीतून नेऊन देतो, नाना.”

“गाडी कोण चालवतं तुमची?”

“कारभारीच,” शिरीष म्हणाले.

रोग्याला पाहिल्याशिवाय दवाखाना पिशव्या हातात देत नव्हता, म्हणून शेवटी ट्रॅक्टरच कामी आला. ट्रॉलीत गादी टाकून ताराबाईंना फाट्यावर आणले आणि तिथून पुण्याला. दवाखान्याच्या दारातल्या पडद्याने गोड आवाजात नाव विचारले, वय विचारले, गाव विचारले.

“वाघुळखेडे,” ताराबाई म्हणाल्या.

“असे ठिकाण नाही. कृपया दुसरे सांगा.”

“अहो, असं कसं नाही? लग्न होऊन आल्यापासून तिथेच राहतेय मी.”

“कृपया दुसरे सांगा.”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, मग जावयाकडे. जावई पडद्याच्या कडेवरची धूळ पाहत होते.

“मग माहेर लिहा,” ताराबाई म्हणाल्या. दार उघडले.

त्या वाचल्या. नाना दर आठवड्याला गावी परतायची भाषा करीत, पण पिशव्या पुण्यातच मिळत होत्या. पुढे शेजारचे ट्रॅक्टरवालेही मुलाकडे नाशिकला गेले. टँकर नाही म्हटल्यावर उरलेली घरे एकेक करून बंद झाली. शिरीष दर महिन्याला दुरुस्तीचा अर्ज करीत आणि तपासनीस तो दर महिन्याला पडताळून नामंजूर करी.

तिसऱ्या वर्षी सरकारने माणसे पाठवून गावांची प्रत्यक्ष पाहणी केली. वाघुळखेड्यात कोणी राहत नसल्याचे आढळले, आणि नोंदीतून त्याचे नाव काढण्यात आले.

मार्गदर्शिकेत आता एकही चूक नाही.