सुकाणाकडची जागा

आमची होडी सागाची. देवेशचे वडील काविळीनं घरातच गेले, तेव्हा देवेश पाळण्यात होता. तेव्हापासून बावीस वर्षं ती काल्हेरच्या खाडीकाठी, आमच्याच गोदामामागं पालथी पडलेली. दोन हजार चार साली अकलोलीचा एक हॉटेलवाला आला. त्याला ती अंगणात ठेवून आत गिऱ्हाइकं बसवायची होती. देवेश लगेच तयार.

मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या होडीत लोक भजी खाणार? आधी पाण्यात घाल, एक फेरी मार. मग वाटलं तर विक."

हिरामण सुतार हल्ली गोदामांसाठी खोकी ठोकतो, पण होडीचं काम त्याचा हात विसरलेला नाही. त्यानं तळाच्या तीन कुजक्या फळ्या बदलल्या, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला, वरून राळ फासली. मी रोज समोर बसून राहिले. नाहीतर आजकाल सगळेच रंगाखाली पाप झाकतात.

सकाळच्या भरतीला होडी उतरवली. हिरामणनं नारळ फोडला. आमच्यात अशा वेळी घरातल्या मोठ्या बाईनं होडीच्या धन्याचं नाव घेऊन त्याला सुकाणाकडं बसायला बोलवायचं असतं. नाव देवेशचं घ्यायचं होतं. पण तो हॉटेलवाला शेजारी हसत उभा, आणि मला घराण्याचा तोरा चढला. जन्मात कधी तोंडातून न काढलेलं नवऱ्याचं नाव मी मोठ्यानं घेतलं.

"केसरीनाथ, या. बसा."

हिरामणनं माझ्याकडं बघितलं.

होडी पाण्यावर सरळ होती. मग तिची मागची बाजू चार बोटं खाली गेली.

हिरामणनं आत वाकून हात फिरवला. तळ कोरडा ठणठणीत. त्यानं पुढच्या टोकाला दोन दगड ठेवले, तेव्हा होडी सारखी झाली.

"नवीन फळी हाय आक्का, पाणी पिते," तो म्हणाला.

"मला नको शिकवू," मी म्हटलं.

देवेश चढला. सुकाणाकडं निघाला नि मध्येच थांबला. अरुंद बोळात आपण समोरच्याला वाट देतो, तसा अंग चोरून बाजूला झाला आणि वल्ही घेऊन मधल्या फळीवर बसला.

त्यानं आजवर वल्हं धरलं नव्हतं. तरी होडी काठ सोडून गेली, रेतीचा उंचवटा डावीकडं ठेवून नीट वळली.

वल्हवणाऱ्याचं तोंड सुकाणाकडं असतं. तिथं कुणी नव्हतं. देवेश तिकडं बघत मान हलवत होता.

"कुनाशी बोलतोय?" हिरामणनं काठावरून ओरडून विचारलं.

"वल्ही मोजतोय."

तासाभरानं होडी काठाला लागली. हॉटेलवाला चिखलात चपला काढून पुढं गेला आणि कधी उचलायची म्हणून विचारू लागला.

देवेश उतरला नाही. त्यानं सुकाणाकडं बघितलं, मान हलवली.

"नको बोलतात," तो म्हणाला.