पुलीवरचा पांढरा ठिपका

पार्ल्याच्या हनुमान रोडवर निळी जुनी फियाट धापा टाकत थांबली, ती नेमकी मृणालिनीच्या गेटसमोर.

"गेट अडवलंत आमचं."

"मी नाही... हिने." विद्याधरने बॉनेट उघडलं. "पिकअपच नाही. उद्या कांदिवलीच्या आरटीओत पासिंग आहे. नापास झाली तर दादा सरळ भंगारात देणार. आजोबांनी हिच्यावरच मला गाडी शिकवली..."

तो पुढे बोलला नाही. मृणालिनीने बाह्या वर सारल्या. बाबांची फियाट तीच सांभाळायची. इंजिनचा आवाज तिने क्षणभर ऐकला. "ठिणगीचं टायमिंग मागे पडलंय. थांबा, गन आणते."

"गन?"

"टायमिंग लाइट हो! घाबरलात?"

लाइटबरोबर तिने पांढरं नेलपॉलिशही आणलं. इंजिन बंद करून पुलीवरच्या खाचेत एक ठिपका दिला. तो वाळल्यावर वायर जोडल्या, इंजिन पुन्हा सुरू केलं आणि लाइट त्याच्या हातात दिला.

संध्याकाळ उतरत होती. लाइट इंजिनच्या ठेक्यावर फडफडू लागला.

"अरे... पुली गरगर फिरतेय, आणि ठिपका जागचा हलत नाही!"

"तो इंजिनवरच्या खुणेसमोर आला की सांगायचं." तिने बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. "आला?"

त्याच्या हातातला लाइट भलतीकडेच वळला होता.

"ठिपक्याकडे बघ ना, माझ्याकडे काय बघतोस!"

"बघतोस?" तो हसला. "मघाशी तर अहो-जाहो चाललं होतं."

"लाइट सरळ धर." तिचे कान मात्र तापले होते.

"आला... आला! बरोबर समोर."

तिने बोल्ट आवळला. इंजिनची धाप गेली; आवाज एकसारखा, गुळगुळीत झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटवर हॉर्न वाजला.

"पास झाली!" विद्याधर ओरडला. मग जरा घुटमळला. "पण... टायमिंग परत हललंय वाटतं."

मृणालिनीने लाइट लावला. पांढरा ठिपका खुणेच्या अगदी समोर होता.

"केसभरही हललं नाहीये."

"हो का?"

"खोटं बोललास."

"कांदिवलीपासून इथपर्यंत विचार केला... दुसरं कारणच सुचलं नाही."

तिने लाइट बंद केला, बॉनेट लावलं आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"चल, फ्लायओव्हरवर कशी चढते बघू." तो गिअर टाकेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आणि ऐक... पुढच्या वेळी कारण शोधू नकोस. नुसता ये."