अंगाऱ्याचा हात

दर मंगळवारी भवानीबाई टेकडीवरून देवीचा अंगारा आणीत आणि ओळखीत कुणी आजारी असलं की कपाळाला लावून येत. देवासात त्यांना त्याबद्दल मान होता, आणि मान कुणाला नको असतो? लेक नेहा सिझेरियन होऊन दवाखान्यात होती, तेव्हाही त्या रेशमी लुगडं नेसून, ई-रिक्षाच्या दांड्याला धरून, अंगाऱ्याची डबी सांभाळत बाळंतिणींच्या वॉर्डात आल्या.

दारातल्या बेसिनपाशी विद्युल्लता सिस्टरनं अडवलं. "काकू, आधी हात धुऊन घ्या. साबण ठेवलाय."

"मी सोवळ्यात आहे. मला काय धुवायला सांगतेस?"

सोवळ्यापुढे साबणाची काय बिशाद! सिस्टर बाजूला झाली.

वॉर्डातल्या सगळ्याच बायकांनी कपाळं पुढे केली. कोपऱ्यातल्या खाटेवर उदयनगरकडची सुगनी होती. तिचे टाके चिघळले होते, वास येत होता. तिच्या सासूनं पट्टी सरकवून हात जोडले, "माँजी, यहाँ भी लगा दो." भवानीबाईंनी लावला. अंगठा ओला झाला. तो त्यांनी पदराला पुसला आणि शेजारच्या खाटेकडे वळल्या. ती नेहाची होती. देवीची कृपा लेकीलाच का नको, म्हणून तिचीही पट्टी उचलून टाक्यांवर अंगारा टेकवला.

त्या आठवड्यातच सुगनी गेली. नेहाला ताप भरला, टाक्यांतून पू येऊ लागला. सिस्टर एकेकीला विचारत होती, "टाक्यांना कुणी हात लावला होता का? खरं सांगा, म्हणजे डॉक्टरांना औषध ठरवता येईल." सुगनीची सासू गावी परतली होती, नेहा तापात होती; भवानीबाई नाही म्हणाल्या. मग सगळी बोलणी वॉर्डातल्या आयाबाईला बसली, आणि भवानीबाईंनी ती समोर बसून ऐकली. घरी गेल्यावर देवापुढे दिवा लावताना त्यांची मान वर होईना. लाज वाटत होती, पण तोंड उघडायची त्याहून जास्त वाटत होती.

पुढच्या मंगळवारी त्यांनी डबी घरीच ठेवली. बेसिनपाशी बोटं सुरकुतेपर्यंत हात घासले. भर दुपार होती. बत्ती गेलेली, पंखे बंद, पडदे ओढलेले. फिनाइलच्या वासाखाली दुसराही एक वास होता, आणि तो त्यांनी ओळखला.

दाराजवळच्या बाईच्या कपाळावर अंगाऱ्याचं बोट होतं. ताजं.

"ये किसने लगाया?"

"आपने ही तो, माँजी... अभी." बाईनं चादर गळ्यापर्यंत ओढली. "आज हाथ बहुत ठंडा था आपका... और गीला."

पुढची कपाळंही तशीच होती. भवानीबाईंनी विचारणं सोडलं आणि जवळजवळ धावतच नेहाची खाट गाठली. सुगनीची खाट मोकळी होती, गादी उन्हात टाकलेली. नेहाचं कपाळ मात्र स्वच्छ होतं. भवानीबाईंचा जीव भांड्यात पडला.

"आईसाहेब," नेहा डोळे न उघडता पुटपुटली, "मघाशी आलात तेव्हा बोलला का नाहीत? नुसत्याच... पोटावर हात ठेवून बसलात..."

आता मात्र त्यांना राहवेना. त्यांनी सिस्टरला हाक मारली आणि सगळ्या वॉर्डासमोर सांगून टाकलं. "सुगनीच्या टाक्यांना मी हात लावला होता. तोच हात हिला लावला. आयाबाईचा काही दोष नाही."

सिस्टर खाटेशी आली. "तेव्हाच बोलला असतात, काकू, तर हिचं औषध तेव्हाच बदललं असतं."

तिनं डॉक्टरांना फोन केला, हातमोजे चढवले आणि पट्टी सोडायला घेतली. "सकाळी मीच बांधलीय," ती म्हणाली. चिकटपट्टी चारी बाजूंनी जशीच्या तशी होती. आत, टाक्यांवर, अंगाऱ्याचा अंगठा उमटलेला होता. ओला.

 भवानीबाईंनी सिस्टरपुढे हात जोडले. "माझ्या लेकीला वाचव गं. माझं पाप हिच्या माथी नको."

त्या दोघींच्या डोळ्यांदेखत नेहाच्या पोटाची कातडी किंचित दबली, आणि पहिल्या अंगठ्याशेजारी दुसरा उमटू लागला.

"आईसाहेब," नेहा कण्हली, "हात काढा ना... दुखतंय."

भवानीबाईंचे दोन्ही हात अजून जोडलेलेच होते.