बाल्कनीत निजलेलं कपाट

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी आत्ताच्या आत्ता या समोरच्या चहात पडो. आणखी कसली शपथ घेऊ?

तर कोपरखैरण्यात एक बिल्डिंग आहे. तिचा जिना इतका अरुंद, की समोरून कुणी जाडं माणूस आलं तर आपण परत वर जायचं, घरी एक चहा घ्यायचा आणि मग उतरायचं. त्या जिन्यात एका सकाळी लोखंडी कपाट अडकलं. खालच्या अंगाला दोन हमाल आणि सौरभ, दुसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. वरच्या अंगाला अस्मिता, तिसऱ्या मजल्यावरची, तुर्भ्याला कामावर निघालेली. मधे कपाट. कपाट आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट, बस.

त्या फटीतून अस्मिताला एक डोळा दिसला. घामानं भिजलेली भुवई, आणि खाली भलताच घाबरलेला डोळा.

"सॉरी हां मॅडम… पाच मिनिटं फक्त."

"पाच मिनिटं तुम्ही मघाशी पण म्हणालात. मी वरून ऐकत होते."

"मग मघाशीच यायचं ना मदतीला."

"मला काय माहीत तुम्ही कपाटाला झोपवून आणताय! उभं करा त्याला. उभं केलं की वळतं. आमचा फ्रिज असाच आला वर."

"फ्रिज तुम्ही उचललात?"

"नाही. मी नुसती ओरडत होते."

फटीतला डोळा हसला. अस्मितानं उगाच ओढणी सारखी केली.

कपाट एवढा वेळ अडकलं होतं, की एका कबुतरानं त्याच्यावर घरट्याच्या काड्या आणून ठेवल्या. हो, खरंच. शेवटी ते उभं केलं आणि गर्रकन वळलं. मागून अख्खा माणूस निघाला. दोन डोळे, गालावर खळी, शर्टाला गंज. अस्मिताची बस गेली ती गेलीच, पण तिनं तक्रार म्हणून केली नाही.

कपाट होतं सौरभच्या आजीचं, बायजाबाईंचं. ती खालच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. पोराचे आईबाप लवकर गेले. या बाईनं महाडकडच्या गावात त्याला वाढवला, शिकवला. आता घणसोलीत नोकरी लागली म्हणून तो तिला इकडे घेऊन आला. आजीची अट एकच. "माजं कपाट यील तर मी यीन." त्यात नवऱ्याचा कोट होता, चार लुगडी होती आणि बाकी काय होतं ते कुणाला ठाऊक नाही.

पण कपाट घरात आलं आणि घर संपलं. किचनच्या दारात ते असं उभं राहिलं, की चहा आणायला सौरभला पोट आत घेऊन खेकड्यासारखं जावं लागे. दिवाण बाहेर पॅसेजमध्ये गेला. आजी चटईवर. आणि सकाळी चटईवरून उठायचं म्हणजे आजीच्या गुडघ्यांचं रडगाणं.

इकडे जिन्यात वेगळंच चाललेलं. जिना अरुंद, म्हणून एकानं भिंतीला टेकून दुसऱ्याला वाट द्यायची, अशी तिथली रीत. हल्ली ही दोघंही भिंतीला टेकायची, आणि जायचं मात्र कुणीच नाही.

शनिवारी संध्याकाळी सौरभ असाच टेकून उभा होता, पण खळी गायब.

"आजी चालली," तो म्हणाला. "उद्या गावाहून चंद्रूकाका टेम्पो घेऊन येतायत, तिला न्यायला. म्हणते, माझ्यापायी पोराला घरात आडवं चालावं लागतं. गावी घर मोठं आहे हो… पण तिथे ती भांड्यांशी बोलते. मला माहितीये."

अस्मिता पाच माणसांच्या एका खोलीत वाढलेली. माळ्यावर बसून ग्रॅज्युएट झालेली. तिच्या घरी पोळपाट दाराच्या मागे राहतो आणि इस्त्री जिन्याखालच्या कोनाड्यात. ती म्हणाली, "तुमच्या बाल्कनीत काय असतं?"

"एवढीशी बाल्कनी. काय असणार? कपडे वाळतात."

"चला, दाखवा."

टेप कुठली? ओढणी काढली. "हे टोक धरा. कपाटाच्या कडेला. सोडू नका हां."

"नाही सोडणार," सौरभ म्हणाला, पण असा काही म्हणाला… अस्मिताची मापाची गाठ दोनदा चुकली.

मापाची ओढणी बाल्कनीत धरली, तर एक बोट जागा उरली. अस्मिता आत चटईवरच्या आजीकडे वळली.

"जय भीम, आजी. आपण कपाट इथे निजवायचं. पाठीवर. दारं वर उघडतील, पेटीसारखी. मूठ काढून दोरी लावू. वर गादी. झाला तुमचा पलंग."

"माजं कपाट निजवायचं? आमच्या मालकांनी उभं आनलं ते."

"आजी, उभं कोण राहायला पाहिजे? कपाट की तुमचे गुडघे?"

आजीनं आधी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणाली, "जीभ बरी चालते गं तुजी. गाव कोंचं?"

"चिपळूणकडे."

"तरीच."

रविवारी सकाळी दोघांनी कपाट आणलं बाल्कनीत. आता कपाट उतरवताना कपाटाकडे बघायचं असतं की नाही? हा तिच्याकडे बघतोय, ती त्याच्याकडे. कपाट निजलं ते पोटावर. दारं खाली!

आजीनं कमरेवर हात ठेवले. "आता उघडायला खालच्या मजल्यावर जाऊ?"

तेवढ्यात काकांचा फोन. कळंबोली आली म्हणे.

घाईघाईनं दोघांनी कपाट पालटायला घेतलं, तर ते ग्रिल आणि भिंतीत तिरकं अडकलं. आजी खोलीत, मधे कपाट, आणि ही दोघं पलीकडच्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीशेजारी. श्वास घ्यायलाही पाळी लावावी लागेल एवढी जागा.

"काका येतील आता," अस्मिता हळूच म्हणाली. "आजी गेल्या तर… तुम्ही पण?"

"दर शनिवारी पळेन गावाला. इथे कोण आहे माझं?"

"नीट बघा ना मग, कोण आहे ते. आता काही फट नाहीये मधे."

सौरभनं बघितलं. मापाच्या ओढणीचं गाठ मारलेलं टोक आजही त्याच्याच हातात होतं.

"हे सोडणार नाही म्हणालो होतो काल. ओढणीचं नव्हतो बोलत… पण अस्मिता, मोठं घर नाही जमणार मला."

"मी माळ्यावर मोठी झालेय. मला लागते तेवढी जागा मी काढते. तू फक्त हो म्हण."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. त्यानं हो म्हटलं.

पलीकडून पत्र्यावर टकटक झाली.

"ठरलं का? ठरलं असंल तर कपाट उभं करा. उभं केलं की वळतं, जिन्यात तूच बोल्लीस ना, पोरी? मला मगासपासून आठवतंय. म्हटलं, बोलून घेऊ दे आदी."

पत्र्यातून सगळं स्वच्छ ऐकू येतं. मला कसं माहीत ते विचारू नका.

चंद्रूकाका वर आले तेव्हा आजी निजलेल्या कपाटावरच्या गादीवर पाय लांब करून ऊन खात पडली होती. खाली भाजीवाला ओरडत होता, समोरच्या बिल्डिंगमधली बाई पापड वाळत घालत होती, आणि आजी इथूनच तिला सांगत होती की पापड जाड झालेत.

"चंद्रू," ती म्हणाली, "टेम्पो रिकामा नको नेऊस. तो दिवाण घिऊन जा."

हिवाळ्यात विहारात दोघांचं लग्न लागलं. आता किचनमध्ये कुणी आडवं जात नाही. आणि आजी रोज उठली की आधी कपाटावर हात फिरवते, मग ग्रिलवर, मग चहा घेऊन आलेल्या नातसुनेच्या गालावर. म्हणते, "उपकार झाले गं बायांनो. एवढ्याशा जागेत मी अख्खी मावले."

सगळं खरं. कबुतर तर शंभर टक्के खरं. फक्त एक… जिन्यातली ती फट चार बोटांची नव्हती. चांगली वीतभर होती, दोघं एकमेकांना पुरती बघत होती. पण एवढी जागा दिली असती तर एका डोळ्याची मजा गेली असती. म्हणून थोडी आवळली मी.

तेव्हा हा चहा जरा राहू दे. आधी कवळी काढून ठेवते.