बसला की विझतो

केरू चार दिवस शहाण्यासारखा वागत होता, आणि धोंडुबाईची तक्रार तीच होती.

पन्नाशी ओलांडलेला मुलगा. कंपनीतून आला की चपला अंगणात भिरकावणारा, आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा, शेजारच्या हैबतरावाशी वीतभर बांधावरून आठवड्यातून एकदा तरी हमरीतुमरीवर येणारा. मंगळवारी तो पोहे आणायला पेणला गेला, तोही आईशी भांडूनच. संध्याकाळी रोह्याच्या अष्टमी थांब्यावर एसटीतून उतरला आणि पूल ओलांडून वरसे गावातल्या घरापर्यंत चालत आला. हात रिकामे. पोह्यांची गिरण बंद होती म्हणाला. मग त्यानं चपला भिंतीशी जोडीनं लावल्या, पाय धुतले, ताटातलं मुकाट्यानं जेवला आणि ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सरूच्या हातातून पाण्याची बादली घेतली. सरू त्याची बायको. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यानं तिच्या हातातून काही घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो हैबतरावाला म्हणाला, बांध तुमचाच असेल, तुम्हीच ठेवा. हैबतराव घाबरून घरात गेला.

धोंडुबाई तिसरीपर्यंत शिकलेली, पण माणसं तिनं आयुष्यभर वाचली होती. पेण ते रोहा एवढ्या प्रवासात माणूस सुधारत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरात त्या दिवसांत आणखी एक नवं होतं. केरूची मुलगी किमया मुंबईला कसलंसं संशोधन करायची. ती पंधरा दिवसांसाठी आली होती आणि येताना आगपेटीएवढा कॅमेरा घेऊन आली होती. पडवीच्या खांबाला तिनं तो सुतळीनं बांधला आणि वायर लॅपटॉपला जोडली. म्हातारी माणसं घरी एकटी असतात, ती पडली तर ह्याला आपोआप कळावं, म्हणून आधी ह्याला साधं घर कसं हलतंचालतं ते शिकवायचं, असं तिनं आजीला सांगितलं. धोंडुबाईनं विचारलं, मी पडायची वाट बघत बसणार काय हा? किमया हसली.

पडद्यावर काळोख असायचा. कुणी चाललं की त्या माणसाची कड तेवढी निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी उमटायची. खांब नाही, भिंत नाही, बाकडं नाही. किमयानं समजावलं. साधा कॅमेरा काही घडो न घडो, फोटोमागून फोटो काढत राहतो. ह्याचा एकेक ठिपका मात्र गप्प बसलेला असतो. त्याच्यापुढचा उजेड बदलला तरच तो कळवतो, आपल्या डोळ्यामागच्या नसा मेंदूला कळवतात तसा. जे बदलत नाही ते त्याच्या लेखी नाहीच.

"म्हणजे माझ्यासारखा," धोंडुबाई म्हणाली. "स्वयंपाकघरात भांडं हललं तरच माझं पण लक्ष जातं."

मग पडद्यावरून नाहीसं व्हायची तिला ईर्षा चढली. बाकड्यावर बसून, हात मांडीवर ठेवून ती दगडासारखी स्थिर राहिली. बऱ्याच वेळानं किमयानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर पदराची किनार श्वासागणिक वर-खाली होत होती, आणि पापण्यांच्या जागी दोन काजवे लुकलुकत होते.

"जिवंत माणूस पुरता विझत नाय, आजी. झोपलेला पण नाय."

हे झालं शनिवारी सकाळी. दुपारी केरू पहिल्या शिफ्टहून आला. अंगणातून चालत आला तेव्हा पडद्यावर नीट उमटला, जरा फिका. सरूच्या शेजारी वाल सोलायला बसला. सरूची बोटं लकलकत होती, तिच्या कपाळावरची बट लकलकत होती. तिच्या शेजारी काळोख होता.

धोंडुबाईनं पडद्यावरून नजर काढून पडवीत पाहिलं. केरू बसला होता. वाल सोलत होता. पापण्याही मिटत होत्या. पुन्हा पडद्यावर पाहिलं. साली एकामागून एक टोपलीत पडत होत्या, कुणीही न टाकता.

किमयाला दाखवलं. ती म्हणाली, उजेड मागून येतोय. काही आकडे बदलले. तरी तेच. मग तिनं बापाला उठवून आजीच्या बाकड्यावर बसवलं आणि आजीला त्याच्या जागी. आजी तिथंही लुकलुकली. बाकड्यावर काही नव्हतं. इतका वेळ कुठं बसवताय, कशाला बसवताय, असं केरूनं एकदाही विचारलं नाही.

"कॅमेरा बिघडलाय," किमया म्हणाली. आवाज मात्र तिचा बिघडला होता.

रविवारी केरूला सुट्टी होती. दिवसभर तो घरीच होता. सकाळी तो चालला तरी पडद्यावर उमटेना. दोरीवरचा टॉवेल आपोआप ओढला गेला, मोरीतला तांब्या आपोआप कलला. चारच्या सुमारास सरूनं चहा दिला. पडद्यावर ठिपक्यांचा कप वर गेला, हवेत तिरका झाला, खाली आला. वाफसुद्धा उमटत होती. मागं कुणी नव्हतं. तिकडं पडवीत केरू म्हणत होता, चहा छान झालाय गो सरू.

धोंडुबाईनं त्याला जवळ बसवून जुनं जुनं विचारलं. लहानपणी पडलास ते कुठं? आपल्या म्हशीचं नाव काय? बापाला शेवटचं पाणी कुणी पाजलं? सगळी उत्तरं बरोबर आली, शांतपणे आली. तिच्या केरूनं दुसऱ्याच प्रश्नाला तोंड टाकलं असतं की म्हातारपणी डोकं फिरलंय काय तुझं.

सोमवारी सकाळी तो शिफ्टला गेल्यावर तिनं पेणला फोन लावला. पोह्यांची गिरण गिरजाबाईची. दोघींचं माहेर एक. गिरण बंद होती काय मंगळवारी, असं विचारल्यावर गिरजाबाई खवळलीच. बंद कशाला असेल, उघडी होती. तुझा केरू आला, पोह्यांत कोंडा आहे म्हणून अर्धा तास भांडला, पाच किलो घेऊन गेला. मग तिचा आवाज खाली आला.

"काल पण बघितला गो त्याला. चार वाजता, स्टँडवर. खांद्यावर तीच पिशवी. लोकांना विचारत होता, रोह्याची गाडी कुठं लागते. तीस वर्षं येतोय ना तो? मी हाक मारली. माझ्याकडं बघितलं, पण वळखलं नाय."

धोंडुबाईनं गिरजाबाईच्या मुलाला, काळुरामला, लगेच स्टँडवर पाठवायला सांगितलं. तासाभरानं काळुरामचाच फोन आला. केरूदादा आत्ता तिथं नव्हता. पण वडेवाला सांगत होता, तो माणूस बुधवारपासून रोज दुपारनंतर येतो. रोह्याच्या गाडीत चढतो आणि सुटायच्या आत उतरतो. गाडी रिकामी असली तरी. म्हणतो, माझ्या जागेवर कुणीतरी बसलंय.

फोन ठेवून ती दाराशी आली. मंगळवारी दारात उभं राहून ती स्वतःच ओरडली होती की माणसासारखा वागशील तेव्हाच ह्या घरात ये. हे तिनं किमयाला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

सरू चुलीपाशी होती. धोंडुबाईनं तिला सगळं सांगितलं, स्वतःचं ते एक वाक्य सोडून. सरूनं मान वर केली नाही.

"आई, राहू दे."

"काय राहू दे?"

"हाय तसं राहू दे. मला पहिल्याच रात्री कळलंय. झोपेत कूस बदलत नाय. एकदा पण नाय." ती फडक्यानं ओटा पुसत राहिली. "सव्वीस वर्षांत ह्या घरात मी पहिल्यांदा सावकाश जेवले, आई."

केरूची जीभ धोंडुबाईकडूनच आली होती, आणि ती सव्वीस वर्षं कुणी सोसली हेही तिला दिसत होतं. पण डोळ्यांपुढून स्टँड हटत नव्हता. पाच किलोची पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेणारा, पायरीवर चढून परत उतरणारा तिचा मुलगा.

साडेतीनला केरू आला. पाय धुवून बाकड्यावर बसला. किमया लॅपटॉपपाशी होती. सरू उंबऱ्यात.

धोंडुबाई त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

छाती गरम होती. हाताखाली श्वास चालला होता, सावकाश, नेमका.

"आजी," किमया म्हणाली. "उमटले. छातीवर ठिपके उमटले."

"आता?" तिनं हात काढला.

"गेले."

पुन्हा ठेवला.

"आले."

पुन्हा काढला. पडद्यावर छातीच्या जागी पुन्हा काळोख झाला.

केरू आईकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. सांगाल ते करायला तयार असलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

"तो रोज स्टँडवर येतो," धोंडुबाई म्हणाली. "त्याला घरी यायचंय."

"व्हय आये."

"तुला ठाऊक हाय?"

"व्हय."

उंबऱ्यातून सरूची बांगडी वाजली. तेवढीच.

"आणि मी उठलो," तो हळूच म्हणाला, "आणि तरी तो नाय आला, तर?"

अंगणात ऊन होतं. पडद्यावर वाऱ्यानं हलणारी दोरी, सरूचा पदर, धोंडुबाईच्या लुकलुकणाऱ्या पापण्या. बाकी काळोख.

ती सरूकडे वळून बघायला धजली नाही. तिनं त्याच्याच डोळ्यांत पाहिलं.

"तर जागा रिकामी राहील. रिकामी जागा असली की वाट तरी बघता येते. तू बसलायस म्हणून मला माझ्या पोराची वाटसुद्धा बघता येत नाय. उठ."